नाव घातलेली भांडी

जुना जालना
शुक्रवार, २ ऑगस्ट १९५७

शरयू,

आशीर्वाद आईचे. माझे सध्या नाहीत. उगीच खोटं कशाला लिहू?

काल तुझ्या मावशीचं कार्ड आलं. 'सून आल्यापासून घरात जागा पुरेना, म्हणून शरयूने औरंगपुऱ्यात द्वारकाबाई नावाच्या एका विधवा बाईंकडे खोली घेतली आहे, काळजी नसावी.' काळजी नसावी म्हणे! अठरा वर्षांची पोरगी परक्या बाईच्या घरात एकटी राहायला जाते आणि बापाला ते उघड्या कार्डावर कळतं. पोस्टमनला माझ्या आधी कळलं. कार्ड हातात देताना तो हसला की काय, असं मला दिवसभर वाटून राह्यलं. तहसिलीत त्यापायी चार अर्ज चुकीच्या फायलीत गेले.

जागा पुरेना तर घरी यायचं होतं. जालना काय विलायतेत आहे? रोज गाडी आहे. पण नाही, बाईसाहेबांना कॉलेज पाहिजे. कॉलेजसाठी हिने भरल्या घरातलं लग्न मोडलं!

तू विसरली असशील, मी विसरलो नाही. आष्टीच्या काकासाहेब देशमुखांचा मुलगा, भालचंद्र. शेतीवाडी, दाराशी बैलजोड्या, मुलगा वकिलीच्या परीक्षेला बसलेला. मांडवाचे वेळू अंगणात येऊन पडले होते. आठ दिवस राहिले असताना आष्टीची मंडळी याद्या करायला आली, आणि तू चहाचा ट्रे हातात धरून त्यांच्यासमोर म्हणालीस, 'हे लग्न मी करणार नाही.' काकासाहेबांनी कप खाली ठेवला, टोपी घातली आणि चालते झाले. तीस वर्षं नोकरी केली मी. निजामाच्या अमलात केली, रझाकारांच्या दिवसांत केली. मान कधी खाली गेली नाही. ती माझ्याच ओसरीवर माझ्याच पोरीने खाली घालवली.

खोलीत काय आहे म्हणे? एक चटई आणि एक पत्र्याची पेटी. छान. राहा तशीच. मी एक काडीसुद्धा पाठवणार नाही. तुझी आई सकाळपासून डोळ्याला पदर लावून बसली आहे, तिलाही हे मी बराबर ऐकवलं आहे.

बाज तेवढी पाठवतो. ती तुझ्यासाठी नाही. श्रावणाची ओल आहे, जमिनीवर झोपून वात धरला तर दवाखान्यात धावायचं मलाच.

श्रीपती

•

जुना जालना
सोमवार, १२ ऑगस्ट

शरयू,

बाज उद्याच्या पॅसेंजरने येईल. गार्ड रामकिसन ओळखीचा आहे, त्याच्या हवाली करतो. स्टेशनवर वेळेवर जा. तो तुझ्यासाठी गाडी धरून ठेवणार नाही.

म्हस्कूला घरी बोलावून विणून घेतली. अंबाडीचं नवं सुंभ आणलं. तो कामाला बसला आणि मला विचारतो कसा, "मालक, पोरगी शिकून राह्यली का? मंग म्या घट इनतो. वाचणाऱ्याच्या बाजंला झोळ पडाया न्हाई पायजे, पाठ जाती."

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं ती शिकते म्हणून?"

"समद्या गावाला ठावं हाय," म्हणाला आणि पायथ्याची दोरी ओढत राह्यला. मी त्याच्याशी नंतर बोललो नाही. विणून झाल्यावर मात्र बसून बघितली. बरी आहे. पायथ्याची दोरी दर महिन्याला ओढून घ्यायची, नाहीतर चार महिन्यांत झोळी होईल आणि नाव म्हस्कूचं खराब होईल.

सोबत माझं लिहायचं डेस्क येत आहे. मला आता ते लागत नाही. ऑफिसातलं लिहिणं ऑफिसात होतं, आणि घरी मी कोणाला लिहिणार? एका बाजूचा कप्पा अडकतो, त्याला मेण लाव, ठोकू नकोस. कंदील, दोन खुंट्या आणि पाण्यासाठी घडवंची आईने घातली आहे. खुंट्या द्वारकाबाईंना विचारून मार. परक्याच्या भिंती आहेत.

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं का? दोन ओळी. 'मी बरी आहे. अण्णा, तुम्ही काकासाहेबांना खरंच विचारलं होतं का?'

हा काय प्रश्न झाला? उलटतपासणी चालली आहे का माझी? काकासाहेबांनी शब्द दिला होता की सून हवं तितकं शिकेल. तो मी तुला जसाच्या तसा सांगितला, तेव्हाच तू लग्नाला हो म्हणालीस. मंग त्यांच्या घरातल्या बायका तुला काही दुसरंच बोलल्या, त्याला मी काय करू? मोठ्या घरात एकाचं बोलणं दुसऱ्याला माहीत नसतं. तू एवढ्या तेवढ्यावर आकाशपाताळ एक केलंस. हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. विचारलास तर उत्तर मिळणार नाही.

श्रीपती

•

जुना जालना
शुक्रवार, ३० ऑगस्ट

शरयू,

आईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. माझ्या घरात आलेलं पत्र मी वाचणारच.

एकाच पातेल्यात आधी वरण करतेस, ते वाटीत काढून मंग भात लावतेस, आणि पातेलंही द्वारकाबाईंचं. ऐकून तुझ्या आईने घरातली भांडी उतरवायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांब. घरातलं एक भांडं हलवायचं नाही. माळ्यावर पोरीची स्वतःची भांडी पडली आहेत की! लग्नासाठी घेतलेली. ती कोणासाठी राखून ठेवायची? कळशी, घागर, दोन पातेली, परात, ताट, तांब्या-भांडं, वाट्या. चिंच लावून घासली आहेत. शनिवारच्या गाडीला पोतं येतंय.

तुझी आई म्हणाली, "अहो, ती नगं. त्यावर नाव हाय."

आहे तर आहे. 'सौ. सुहासिनी भालचंद्र देशमुख, आष्टी.' धर्मराज कासाराकडून मी स्वतः समोर बसून घालून घेतलं. काकासाहेबांनी सुहासिनी नाव ठरवल्याचं कळवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हाही तुझी आई म्हणालीच होती, की अक्षता पडायच्या आधी पोरीच्या भांड्यावर सासरचं नाव घालू नये. पण लग्नसराईत धर्मराजला उसंत नसते, आणि रुखवतात बिनानावाची भांडी मांडली की चार बायका विचारतात, उसनी आणली का म्हणून. घाई केली ती पोरीच्या कौतुकापायी केली. आता त्याचंही माझ्यावरच.

तू पत्रात लिहिलंस, 'ती भांडी मात्र पाठवू नका, नाहीतर नाव तरी खोडून पाठवा.' पाटीवरचा खडू आहे का तो? तांब्यात टोचून घातलेलं नाव आहे. कानशीने घासलं तर भांडं पातळ होतं आणि डाग राहतो तो राहतोच. आणि मी खोडणार पण नाही. रोज सकाळी कळशी उचलशील तेव्हा वाच, काय लाथाडून आलीस ते.

इथे लोकांना मी सांगितलंय की पत्रिकेत दोष निघाला म्हणून आष्टीकरांनी मोडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलीने मोडलं असं कळलं तर पुन्हा कुणी दारात उभं राहणार नाही. हे तुझ्यासाठीच केलं. त्याचे आभार तू मानणार नाहीस, हे ठाऊक आहे.

स्टोव्हची पिन वाटीत कागदाच्या पुडीत ठेवली आहे. हरवू नको.

श्रीपती

•

जुना जालना
सोमवार, १४ ऑक्टोबर

शरयू,

तुझं चार पानी पत्र आलं. मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं भणाणलं.

त्या द्वारकाबाईला म्हणावं, तुझ्या घरातली उठाठेव काय कमी आहे? नळावर कळशी दिसली तर पाणी भरावं. कळशीवरचं नाव वाचत बसायचं काय कारण? आणि वाचलं तर वाचलं, त्यावरून एवढा डोंगर रचायचा! म्हणे, खोली घेताना शरयू श्रीपती सांगितलं आणि भांड्यावर सौ. सुहासिनी भालचंद्र. म्हणे, कपाळ मोकळं, गळा मोकळा आणि संसाराची भांडी मात्र सगळी. म्हणजे ही पोरगी नवऱ्याला टाकून, नाव बदलून, भांडी उचलून पळून आली! काय अक्कल! पळून जाणारी बाई घागर आणि परात घेऊन पळते का?

पण तू तरी काय केलंस? तिने विचारल्यावर सरळ सांगितलंस, 'लग्न ठरलं होतं, मी मोडलं.' कशाला? जगासमोर उघडं व्हायची हौस आहे का? तिचा विश्वास बसला नाही, यात नवल काय! मुलगी लग्न मोडते हे त्या बाईने जन्मात ऐकलं नसेल. शेजारच्या खोलीतल्या दोन मुलींच्या बापांनी तिच्याकडे तक्रार केली, गल्लीत कुजबुज झाली, आणि आता ती म्हणते, वडिलांचं पत्र आणा नाहीतर खोली सोडा. मावशीकडे जागा नाही. आणि हे बोलणं लोकांच्या कानावर गेलं तर औरंगाबादेत तुला दुसरी खोली मिळणार नाही, हे तू लिहिलंस ते बराबर आहे. खोली गेली तर कॉलेज गेलं. तेही बराबर आहे.

काळजी करू नको. तीस वर्षं मी सरकारी पत्रं लिहिली आहेत. असं पत्र लिहिलंय की बाईची तोंडातून चकार शब्द काढायची हिंमत होणार नाही. सोबत जोडलं आहे. पाकीट न फोडता तिला दे. नक्कल तुझ्यासाठी खाली उतरवतो.

दिवाळीला येणार नाहीस असं लिहिलंस. नको येऊ. चिवडा आणि करंज्या रामकिसनकडे देतो.

श्रीपती

(नक्कल)

श्रीमती द्वारकाबाई यांस,

आमची कन्या शरयू ही आपल्या येथे राहत आहे. ती अविवाहित असून सुशील व खानदानी घरातील आहे. तिचा विवाह आष्टी येथील देशमुख घराण्यात योजला होता, परंतु पत्रिकेत दोष आढळल्याने वरपक्षाने तो रहित केला. भांड्यांवरील नावाचा उलगडा यावरून होईल. आमच्या कन्येचा यात काडीमात्र संबंध नाही. तरी कुठल्याही अफवेवर भरवसा ठेवू नये.

श्रीपती वामन जवळेकर
अव्वल कारकून, तहसील जालना

•

जुना जालना
मंगळवार, ५ नोव्हेंबर

शरयू,

तुझं पत्र काल आलं. आधी तुझ्या आईच्या हातात पडलं. तिला चौथीपर्यंतचं वाचता येतं हे मी विसरून गेल्तो.

म्हणजे आता सगळा दोष माझा! तू तिला सांगितलंस मुलीने मोडलं, मी लिहिलं मुलाकडच्यांनी मोडलं, आणि ती म्हणाली, बापलेकीच्या दोन तोंडांनी दोन गोष्टी, म्हणजे दोन्ही खोट्या. महिनाअखेर खोली रिकामी करा. अगं, पण तू माझ्या पत्राला धरून बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? 'होय बाई, मला सांगायला लाज वाटली, वडील लिहितात तेच खरं,' एवढं म्हणायला काय जीभ झडत होती? नाही. ही मोठी सत्यवादी! 'अण्णा, तुम्ही गावाला जे सांगितलंत तेच तिलाही सांगितलंत. मी तुमच्या खोट्यावर दुसऱ्यांदा सही करणार नाही.' हे बापाला लिहितात?

आणि खाली पुन्हा तोच प्रश्न. 'तुम्ही त्यांना विचारलं होतं का?'

ऐक. कोणता मुलीचा बाप सोयरीक जुळवताना असले प्रश्न विचारतो? 'आमच्या मुलीला लग्नानंतर कॉलेजात पाठवाल का?' असं बोललं की समोरचा सुपारी उचलून घरी जातो. देशमुखांसारखं स्थळ एका कारकुनाच्या दारात किती वेळा येतं? एकदा. मी त्या बैठकीत बसलो होतो, तू नव्हतीस. काकासाहेब खुशीत होते. मुलगा शिकलेला आहे, त्याला सून शिकलेली आवडेल, असं माझ्या मनाला वाटलं. एकदा नांदायला लागली की आपोआप होईल सगळं, असं वाटलं. बापाला वाटलं ते बापाने सांगितलं. त्याला खोटं म्हणत नाहीत.

हे मी इथे लिहून राह्यलो आणि तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "काय लिहून राह्यलात?"

"उत्तर देतो आहे."

"तिनं जे इचारलं त्याचं?"

मी टाक दौतीत बुडवला. मंग ती जे बोलली ते तुला सांगतो, कारण बावीस वर्षांत ती माझ्याशी असं कधी बोलली नाही. म्हणाली, "म्या लेकीला रातोरात पोटाशी धरून समजावलं. म्हटलं, तुझ्या अण्णांनी इचारलंय, काकासाहेबांनी शब्द दिलाय, तू हो म्हण. माझ्या तोंडानं हो म्हणवलं तुमी तिला. मला बी सांगितलं न्हाई." एवढं बोलून आत गेली. तेव्हापासून ताट वाढते, पाणी ठेवते आणि परसात जाऊन बसते. कालवणाला मीठ नाही, सांगायची सोय नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

आज दुपारी तिने पुन्हा तोंड उघडलं ते हे विचारायला, की औरंगाबादला कधी जाता. मी म्हटलं, रजा नाही. ती म्हणाली, "रजा हाय. तुमी जान्हार न्हाई, कारण तुमी गप बसले की पोरगी आपसूक घरी येती. तेच पायजे तुमाला."

मी तिच्या अंगावर ओरडलो. शेजारचे बाहेर आले. दिवसभर मी हे डोक्यातून काढून टाकायला बघतो आहे, निघत नाही. बाज, डेस्क, ती पोत्यातली भांडी पाठवताना माझा जीव खरंच तुझ्या खोलीवर होता की तू कंटाळून परत यावीस यावर होता? घरातली बिनलफड्याची भांडी तुझी आई काढत होती. मीच अडवलं. ती गेली असती तर आज हे काहीच झालं नसतं.

महिनाअखेरपर्यंत दिवस आहेत. तोवर तू अभ्यास करत राहा. सामान बांधायचं नाही. म्हणजे बांध असं मी सांगितलेलं नाही.

श्रीपती

•

औरंगाबाद, तुझी खोली
सोमवार, १८ नोव्हेंबर, दुपार

शरयू,

सकाळच्या गाडीने आलो. तू कॉलेजात होतीस. मुद्दामच ती वेळ धरली. हे तुझ्याच डेस्कावर बसून लिहितो आहे. कप्पा अजून अडकतो, तू मेण लावलेलं नाहीस. पायथ्याची दोरीही ओढलेली नाही. सांगितलेलं एक काम धड करत नाहीस.

द्वारकाबाईंनी मला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं, चहा दिला नाही. धिप्पाड बाई आहे, तोंडाची फटकळ. म्हणाली, "तुमची चिठ्ठी वाचली. खानदानी अक्षर हाय. पण पोरगी एक बोलती अन् तुमी एक."

मी म्हटलं, "पोरगी बोलते ते खरं. लग्न तिनंच मोडलं."

"मंग चिठ्ठीत?"

"खोटं लिहिलं."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला, तुला सांगून खरं वाटणार नाही. वयाच्या पन्नाशीला एका परक्या बाईसमोर, तिच्या ओसरीवर, शेजारच्या खोलीतल्या पोरी दाराआड कान लावून बसलेल्या. बाईचा राग येत होता, तुझा येत होता, त्या काकासाहेबाचा येत होता, ज्याने मला काही केलेलं नाही.

तिने विचारलं, "का मोडलं पोरीनं?"

तेव्हा सांगितलं. म्हटलं, पोरीची एकच अट होती, लग्नानंतर शिकू द्यायचं. मी तिला सांगितलं, सासरच्यांना विचारलं, ते हो म्हणाले. मी विचारलंच नव्हतं. आठ दिवस आधी तिच्या होणाऱ्या सासूने तिला सांगितलं, 'कॉलेज? आमच्याशी तर असं कुणी बोललं नाही.' म्हणून तिने मोडलं. तोवर मी भांड्यांवर नाव घालून ठेवलं होतं. मंग रागाने तीच भांडी इथं पाठवली. घरात दुसरी होती.

शरयू, हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू दोनदा विचारलंस. मी विचारलं नव्हतं.

तुझ्यासमोर हे माझ्या तोंडातून निघालं नसतं. द्वारकाबाई परकी होती म्हणून निघालं. तिच्यासमोर मान गेली तर गाडी पकडून निघून जाता येतं. तुझ्यासमोर गेली तर कुठे जाणार?

बाई म्हणाली, "पोरीनं मला एवढंच सांगितलं व्हतं, म्या मोडलं. म्या खोदून खोदून इचारलं, का म्हणून. तुमचं नाव घेतलं न्हाई तिनं. म्हणली, माझ्याच मनात न्हवतं."

म्हणजे मला चार-चार पानं शिव्या, आणि बाहेर मला झाकून घेतलंस! खोली जायची वेळ आली तरी नाव घेतलं नाहीस. कोणी सांगितलं होतं तुला? मी असा काय बाप आहे की ज्याच्यासाठी तू स्वतःवर आळ घ्यावास? हे ऐकून मला तुझा जेवढा राग आला तेवढा त्या चहाच्या ट्रेच्या दिवशीही आला नव्हता. ओसरीवर बसून रडलो मी. पन्नाशीचा माणूस. दाराआडच्या पोरींनी बघितलं असणार, त्या तुला सांगतीलच, म्हणून आधीच लिहितो.

मी बाईंना म्हटलं, मी दुसरी चिठ्ठी लिहून देतो, खरी, सहीनिशी. हवं तर तहसिलीचा शिक्का मारून आणतो.

ती म्हणाली, "तुमची चिठ्ठी नगं आता. पोरीला खोटं सांगून बोहल्यावर उभी करणाऱ्याच्या चिठ्ठीचं म्या काय करू? भाडेकरू ती हाय, तुमी न्हाई. ती राहील. इथून पुढं काही इचारायचं पडलं तर म्या तिलाच इचारीन. तिचा शब्द मला चालतो."

माझी सही चालत नाही आणि तुझा शब्द चालतो! शेजारच्या मुलींच्या बापांना ती स्वतः सांगणार आहे. ती बोलल्यावर पुढे कोणी बोलेल असं वाटत नाही. खोली राहिली. कॉलेज राहिलं.

मंग तिने खोलीची किल्ली दिली आणि चहा आणून ठेवला.

आत येऊन बघितलं. भांडी सगळी घासून उपडी घातली आहेस. पुस्तकं भिंतीशी लावून ठेवली आहेस, विटा टेकून. खिडकीला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. हे तिने कधी पाठवलं, मला पत्ता नाही. माझ्या घरातून किती काय येऊन राह्यलं या खोलीत, मला न सांगता! मी तासभर बसलो आहे. इथे मन लागतं. इतकी वर्षं मी समजत होतो की घर मी चालवतो.

जालन्यात लोकांना आता काय सांगायचं ते मला कळत नाही. पत्रिकेचं खोटं मी मागे घ्यायला तयार आहे, पण त्यात तुझंही नाव येतं. म्हणून तू सांगशील तसं. घाई नाही. तोवर कोणी विचारलं तर मी गप्प बसेन. मला ते जमत नाही, पण बसेन. आणि एक परतूरचं स्थळ गेल्या आठवड्यात आलं होतं. त्यांना मी सांगितलं, मुलगी शिकते आहे, तिला विचारल्याशिवाय बोलणार नाही. ते उठून गेले. मला वाटलं होतं तसंच झालं. जाऊ देत.

तीनची गाडी आहे. तू चारला येतेस असं बाई म्हणाल्या. थांबता आलं असतं. थांबत नाही.

तुझ्या आईला तुझी खोली बघायची आहे. मला एकट्याला ती जाऊ देणार नाही, आणि मी तिला एकटी पाठवणार नाही. संक्रांतीला दोघांनी यावं म्हणतो, दोन दिवस. तिकिटं काढलेली नाहीत. तुझ्या मावशीला कळवलेलं नाही. द्वारकाबाईंशीही बोललो नाही.

आम्ही येऊ का?

नाही म्हणालीस तर मला राग येईल. पण आम्ही येणार नाही.

अण्णा